माझ्या अहवालातल्या ‘निरंक’विषयी

प्रति,
प्राचार्य, विभागप्रमुख, संस्थाचालक आणि अपंग अध्यापकांच्या कार्यसमाधानाची प्रश्नावली तयार करणारी समिती, यांस

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमची प्रश्नावली मिळाली. चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच आकड्यांच्या चौकटी आणि माथ्यावर ठळक अक्षरांत ‘गोपनीय’. ठळक अक्षरांत होतं हे मला नंतर कुणीतरी सांगितलं, कारण आलेली फाइल म्हणजे कागदाचा काढलेला फोटो होता. माझ्या संगणकातला स्क्रीन रीडर टाइप केलेला मजकूर बोलून दाखवतो. फोटोपाशी आला की ‘ग्राफिक’ एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. फोटोतली अक्षरं ओळखणारी सोयही वापरून पाहिली, पण फोटो तिरका आणि त्यात चौकटींची जाळी, त्यामुळे सातव्या प्रश्नाचं शेपूट नवव्याला जाऊन चिकटलं.

शेवटी मधल्या सुट्टीत एका सहकाऱ्यांना विनंती केली. त्यांनी माझ्या शेजारी बसून प्रश्न वाचायचे, मी आकडा सांगायचा, त्यांनी खूण करायची. “विभागप्रमुखांच्या वागणुकीबाबत आपण कितपत समाधानी आहात?” त्यांचा आवाज मुळातच वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. विभागप्रमुख पलीकडच्या टेबलाशी हजेरीपट चाळत होते, पानांचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. मी म्हणाले, “चार.” पुढचा प्रश्न संस्थेच्या धोरणांबद्दल होता. “चार.” सहकाऱ्यांकडून मिळणाऱ्या मदतीबद्दल. मदत करणारा सहकारीच पेन घेऊन बसलेला. “चार.” चाळीस प्रश्नांना चाळीस वेळा चार.

मी संख्याशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. पहिल्या वर्गात गेले तेव्हा फळ्यावरची अक्षरं दिसत होती. संध्याकाळी जिन्यात मात्र ठेचकाळायला व्हायचं. रेटिनायटिस पिगमेंटोसा असाच येतो. आधी अंधारातलं जातं, मग कडांचं, मग नळीतून पाहिल्यासारखा मधला एक गोल उरतो आणि तोही पुसट होत जातो. तेव्हा डोळे असताना आणि नसताना अशा दोन्ही अवस्थांत मी हीच नोकरी केली आहे. तुमच्या पाहणीत असा नमुना क्वचितच सापडेल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी धंद्यातली गोष्ट. माझ्यासारखं सगळ्यांनीच ‘चार’ म्हटलं असेल, तर तुमच्या विदेचं, म्हणजे जमवलेल्या आकड्यांचं, विचलन शून्य; आकड्यांत फरकच नाही. विचलन शून्य असलेल्या गोष्टीचा दुसऱ्या कशाशीही सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र कितपत वरखाली होतात, त्याचं माप) काढता येत नाही, कारण सूत्रात छेदाच्या जागी शून्य येतं. आणि तुम्हाला काढायचा आहे तो सहसंबंधच. प्रश्नावलीसोबतच्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं: ‘समाधान आणि कामगिरी यांतील संबंध तपासणे’. त्याच पत्रात असंही होतं, की नाव लिहायची गरज नाही. विभाग लिहा, वयोगट लिहा, अपंगत्वाचा प्रकार लिहा. या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणारी आणि पूर्ण अंध अशी किती माणसं आहेत? नाव विचारलं असतंत तरी चाललं असतं.

समाधान आणि कामगिरी यांच्या नात्याबद्दल लोकांची समजूत अशी असते, की गाय सुखी असली की दूध जास्त देते. व्यवस्थापनशास्त्रात हा प्रश्न शंभरेक वर्षं तरी घोळतो आहे. १९८५ मध्ये इआफाल्डानो आणि मुचिन्स्की यांनी तोवरच्या अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली, तेव्हा सहसंबंध निघाला सरासरी ०.१७. (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण.) म्हणजे जवळजवळ नाहीच. २००१ मध्ये संशोधक टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१२ नमुने, चोपन्न हजारांवर माणसं घेऊन, मापनातल्या त्रुटींची दुरुस्ती करून पुन्हा हिशेब केला आणि तो ०.३० वर आला. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण नेहमी देते. ०.३० चा वर्ग करा: ०.०९. कामगिरीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला नऊ टक्के भाग समाधानाशी जोडता येतो. उरलेल्या एक्याण्णवचं काय? शिवाय या आकड्यात दिशा नसते. समाधानी माणूस चांगलं काम करतो की काम चांगलं झालं म्हणून माणूस समाधानी होतो, हे तो आकडा बोलत नाही.

आणि तिसरी शक्यता असतेच. दोन गोष्टी एकत्र वरखाली होतात, कारण मागून तिसरीच कुठली तरी दोघींना हलवत असते. आमच्या बाबतीत ती तिसरी गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही. तुमची प्रश्नावली उघडली नाही, हीच ती. तिने माझं समाधान घालवलं आणि माझं काम, म्हणजे प्रश्नावली नीट भरणं, तेही बिघडवलं. तुम्ही या दोन्हींची नोंद माझ्या खात्यावर कराल.

अशी कामं दिवसभर असतात. परिपत्रक येतं ते सही-शिक्क्यासह स्कॅन केलेलं. मूळ मजकूर कुणीतरी संगणकावरच टाइप केलेला असतो. मग तो छापतात, सही करतात, पुन्हा फोटो काढून पाठवतात. म्हणजे मला वाचता येणारी वस्तू मुद्दाम कष्ट घेऊन न वाचता येणारी केली जाते. गुण भरायच्या पोर्टलवर पन्नास रकाने असतात आणि एकालाही नाव दिलेलं नसतं. स्क्रीन रीडर म्हणतो ‘एडिट, रिकामं, एडिट, रिकामं’. मी ओळी मोजत जाते. मध्येच वेळ संपली म्हणून पोर्टल बाहेर काढतं. परत आत जायला वेडीवाकडी अक्षरं ओळखून मी यंत्र नाही हे सिद्ध करायचं असतं, आणि ते सिद्ध करायला मला यंत्रच लागतं. (हा विनोद मी स्वतःच्या करमणुकीसाठी जपून ठेवला आहे, रोज उपयोगी पडतो.) एकदा दोन आठवडे मी वेळेची नोंद ठेवली होती. शिकवण्याच्या तयारीपेक्षा फाइली वाचता येण्याजोग्या करून घेण्यात जास्त वेळ गेला होता. कार्यभाराच्या तक्त्यात या वेळेला रकाना नाही.

ही सगळी तक्रार ऐकून तुम्ही म्हणाल, बरं, फाइली सुधारू. सुधारा. पण मला सर्वांत जास्त बोचतं ते हे नव्हेच. मला बोचते तुमची माया.

डोळ्यांचं कळल्यावर पहिल्याच परीक्षेच्या हंगामात माझं नाव पर्यवेक्षणाच्या यादीतून गेलं. “मॅडम, तुम्हाला कशाला त्रास?” खरं सांगते, त्या वर्षी मला हायसं वाटलं. नवीन अंधत्वाची दमछाक होती, काठी घेऊन लोकांसमोर वावरायची सवय नव्हती, तीन-तीन तास वर्गात येरझाऱ्या घालायची कल्पनाच नको होती. मी आभार मानले. पुढच्या वर्षी उत्तरपत्रिका तपासणं गेलं. नंतर प्रवेश समिती. मग मुलांना पाहणीसाठी बाहेर नेण्याचं काम, जे माझ्या विषयाचा प्राण आहे आणि जे मी पूर्वी हट्टाने मागून घ्यायचे. ज्या दिवशी निकालाच्या विश्लेषणाचं काम भाषेच्या अध्यापकांकडे गेलं, त्या दिवशी मला कळलं की मायेचं पांघरूण हळूहळू तोंडावर आलेलं आहे. सरासरी, प्रमाण विचलन, मागच्या पाच वर्षांशी तुलना हे सगळं भाषेच्या अध्यापकांकडे, कारण काय, तर गुणांचे तक्ते छापील येतात.

वर्षाच्या शेवटी स्वमूल्यांकनाचा फॉर्म येतो. परीक्षाकार्य: निरंक. समित्यांवरील काम: निरंक. वर्गाबाहेरील उपक्रम: निरंक. ‘निरंक’ हा आपल्या कार्यालयीन मराठीतला फार सभ्य शब्द आहे. शून्य म्हटलं की कुणीतरी मोजलं असं तरी वाटतं. निरंक म्हटलं की मोजण्यासारखं काही नव्हतंच. ही कामं मी नाकारली, की मला दिली नाहीत, की मागूनही मिळाली नाहीत, या तिन्हींचं तोंड निरंकमध्ये सारखंच दिसतं. तुम्हीच माझ्या हातातलं काम काढून घेता आणि तुम्हीच वर्षअखेरीस माझे रिकामे हात मोजता. एका वर्षी गोपनीय अहवालातला शेरा मला वाचून दाखवण्यात आला: ‘परिस्थितीच्या मानाने काम समाधानकारक.’ लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ‘परिस्थितीच्या मानाने’ या दोन शब्दांसकट तो शेरा दुसऱ्या कशाला लावून बघा. उतरत्या निकालाच्या विभागाला लावा, अपुऱ्या इमारतीला लावा. माणसाला लावला की तो शेरा राहत नाही, पाठीवरचा हात होतो.

आता, अंध बाई पर्यवेक्षण काय करणार, असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते मोकळेपणाने बोलू. एकटी नाही करणार. मोठ्या वर्गात दोन पर्यवेक्षक असतातच. एकाने डोळ्यांनी करायची कामं करावीत. पुरवण्यांचा हिशेब, वेळेच्या घोषणा, हजेरी, गैरप्रकाराचा अहवाल लिहिणं हे मी लॅपटॉपवर करते. उत्तरपत्रिका? वाचून दाखवणारा मदतनीस द्या, निर्णय मी देते. वेळ जास्त लागेल, हे खरं आहे, आणि तो कार्यभारात धरावा लागेल. प्रश्नपेढी, प्रश्नपत्रिकांची छाननी, तोंडी परीक्षा यांना तर डोळ्यांचं काही कामच नाही. ‘हे जमेल का?’ असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं, माझ्याकडूनसुद्धा, कारण माणूस दमलेला असतो. ‘हे कसं करता येईल?’ असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. गेल्या बारा-तेरा वर्षांत तरी नाही.

समाधानाचं म्हणाल तर ते आहे, आणि कुठे आहे तेही सांगते, कारण तुमच्या चाळीस प्रश्नांत त्याबद्दल एकही नव्हता. दृष्टी गेल्यावर मला आलेखांची सर्वांत जास्त धास्ती होती. प्रतिगमन रेषा, म्हणजे विखुरलेल्या बिंदूंमधून सर्वांत जवळून जाणारी रेषा, न काढता कशी शिकवणार? मग एक मऊ फळी घेतली, तिच्यावर टाचण्या खोचल्या. प्रत्येक टाचणी एक निरीक्षण. त्यांच्यामधून एक दोरा ताणून धरायला सांगितला, दोन मुलं दोन टोकांना. बाकीच्यांनी प्रत्येक टाचणीपासून दोऱ्यापर्यंतचं उभं अंतर बोटांनी मोजायचं, वर्ग करायचा, बेरीज करायची. दोरा जरा खाली, जरा तिरका, पुन्हा बेरीज. कमीत कमी बेरीज जिथे येते तो दोरा आपला. मुलांची भांडणं लागली. एका मुलाने फळीच्या पार कोपऱ्यात एकच टाचणी खोचली आणि अख्खा दोरा तिच्याकडे झुकला, तेव्हा विसंगत निरीक्षण म्हणजे काय ते मला सांगावंच लागलं नाही. डोळस असताना मी हाच धडा सात-आठ वर्षं फळ्यावर सूत्र लिहून शिकवला होता. वाईट शिकवला होता, हे आता कळतं. आता मी मुलांना आलेखाचं शब्दांत वर्णन करायला लावते, कारण मला ते लागतंच; आणि ज्याला आलेख शब्दांत सांगता येत नाही, त्याला तो कळलेला नसतो, हे त्यांच्याही लक्षात येतं. हा सगळा उद्योग माझ्या स्वमूल्यांकनात कुठल्याच रकान्यात बसला नाही.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातल्या दोनशेच्या आसपास अभियंत्यांशी आणि हिशेबनिसांशी बोलून एक गोष्ट मांडली होती, ती इथे अगदी चपखल बसते. माणसाला असमाधानी करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधानी करणाऱ्या वेगळ्या. पगार, खोली, नियम, देखरेख हे सगळं बिघडलं की माणूस वैतागतो. सुधारलं की वैताग थांबतो, आनंद होत नाही. आनंद येतो तो कामातून, जबाबदारीतून, आपण काही केलं याची दखल घेतली जाण्यातून. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि ती बरीचशी योग्य होती. पण आपल्या महाविद्यालयात रॅम्प झाला तेव्हाचा समारंभ मला आठवतो. रॅम्प झालाच पाहिजे होता, एकास बारा उताराचा, कठड्यासह. आपला तेवढा सौम्य नाही, पण ते असो. समारंभात सगळ्यांचा सूर असा होता, की आता या लोकांनी समाधानी असावं. रॅम्पने मी इमारतीत येऊ शकते. आत आल्यावर करायला काय आहे, हा पुढचा प्रश्न.

अशा वेळी हमखास स्टीफन हॉकिंग यांचं नाव निघतं. कृपया काढू नका. शंभर वर्षांत एखादा होणाऱ्या माणसाशी साध्या अध्यापिकेची तुलना केली, की साध्या अध्यापिकेला साधं असायची परवानगी राहत नाही. डोळस सहकारी मध्यम असले तरी चालतात, आम्ही एक तर प्रेरणास्थान नाही तर निरंक. उदाहरण हवंच असेल तर हॉकिंग ज्या पदावर होते त्याच पदावरचं, त्यांच्या अडीच शतकांहून आधीचं घ्या. निकोलस सॉन्डरसन. तान्हेपणी देवीच्या साथीत दृष्टी गेली. हाताने चाचपून आकडेमोड करता येईल अशी टाचण्यांची पाटी त्यांनी स्वतः बनवली. १७०७ पासून ते केंब्रिजमध्ये शिकवत होते, न्यूटनचं प्रकाशशास्त्रसुद्धा, पण त्यांच्याकडे पदवी नव्हती. १७११ मध्ये गणिताचं ल्युकेशियन प्राध्यापकपद, म्हणजे पुढे हॉकिंग होते तेच, रिकामं होतं तेव्हा राणी ॲनच्या खास आदेशाने त्यांना एम.ए. देण्यात आली आणि मग त्या पदावर निवडण्यात आलं. या गोष्टीत मला त्यांच्या जिद्दीपेक्षा त्या आदेशाचं जास्त कौतुक वाटतं. माणूस शिकवतो आहे हे समोर दिसत होतं, कागद अडत होता, म्हणून कागदाची सोय केली. त्यालाही आता तीनशे वर्षं होऊन गेली.

माझ्यापेक्षा अवघड स्थिती आहे ती ज्यांचं अपंगत्व दिसत नाही त्यांची. माझ्या हातात काठी आहे, मला काही सिद्ध करावं लागत नाही. पण आपल्या स्टाफरूममध्ये कमी ऐकू येणारे एक सर आहेत, ते बैठकीत सगळ्याला मान डोलावतात. ठराव झाला की मला हळूच विचारतात, “काय ठरलं?” मी त्यांना ऐकलेलं सांगते, ते मला भिंतीवरचं वाचून दाखवतात. आमची छान भागीदारी आहे, पण ती कार्यवृत्तात कुठे येत नाही. आणखी एकीला अपस्मार आहे. तिने तो सांगितलेला नाही आणि सांगणारही नाही, कारण माझ्या ‘निरंक’चं काय झालं ते तिने पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर सहा माणसांमागे एकाला मोठं म्हणण्यासारखं अपंगत्व आहे, म्हणजे सुमारे एक अब्ज तीस कोटी माणसं. त्यात म्हातारी माणसं पुष्कळ, म्हणून तो आकडा सरळ स्टाफरूमला लावता येणार नाही, हे मी मान्य करते. तरीही तुमच्या यादीत आम्ही फक्त तिघं आहोत, यावरून बाकीचे धडधाकट आहेत असा निष्कर्ष काढू नका. ते गप्प आहेत, एवढंच यादी सांगते. जे नोकरी सोडून गेले ते तर नमुन्यातच नाहीत. राहिलेल्यांची सरासरी काढून ‘समाधानाची पातळी चांगली’ असा अहवाल देणं म्हणजे नापासांना वगळून निकाल शंभर टक्के लावणं.

कायद्याबद्दल दोनच वाक्यं, कारण कायदा तुमच्या कार्यालयात फायलीत आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराने ‘वाजवी सोय’ नाकारणं हाही भेदभाव ठरवला आहे. त्यातून सुटका फक्त भार खरोखरच अवाजवी असेल तर. आणि भाराची भीती बहुतेक वेळा उगाच असते. अमेरिकेतलं ‘जॉब अकॉमोडेशन नेटवर्क’ कितीतरी वर्षं मालकांनाच विचारत आलं आहे, आणि साधारण निम्म्या सोयींना काहीच खर्च येत नाही, असं ते मालकच सांगतात. माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो बनवायला घेतला, तो फुकट मिळतो. म्हणजे या नोकरीसाठी मला लागणाऱ्या सर्वांत मोठ्या साधनाचा तुम्हाला खर्च शून्य आहे. तुमच्याकडून लागतो तो स्कॅनरला लावण्याआधीचा मजकूर.

मागण्या म्हणाल तर मला यादी करायची नाही, कारण याद्या ‘पूर्तता’ अशी खूण करून मिटवता येतात. पण स्वमूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये जिथे निरंक लिहायची जागा आहे, तिथे एक ओळ वाढवा: ‘हे काम देण्यात आले होते का?’ एवढ्याने काय होईल, असं वाटेल. एवढ्याने प्रश्न माझ्याकडून तुमच्याकडे सरकेल, आणि तो तिथेच असायला हवा. सोय दर वर्षी नव्याने अर्ज करून, नव्या प्रमाणपत्राची प्रत जोडून मागावी लागू नये. माझी दृष्टी शैक्षणिक वर्षाबरोबर परत येत नाही. मदतनिसाचे तास कार्यभारात धरा. वेळापत्रक करताना कुबड्या वापरणाऱ्या सरांना लागोपाठच्या दोन तासांना तळमजला आणि तिसरा मजला देऊ नका. ही गोष्ट मी लिहितानाही मला लाज वाटते, इतकी ती साधी आहे, आणि गेली तीन वर्षं ती झालेली नाही.

आणि प्रश्नावली बनवणाऱ्या समितीत आमच्यापैकी कुणीतरी असू द्या. गॅलॉडेट हे बहिऱ्या विद्यार्थ्यांचं विद्यापीठ १८६४ मध्ये सुरू झालं आणि १२४ वर्षं त्याचे सगळे अध्यक्ष ऐकू येणारे होते. १९८८ च्या मार्चमध्ये पुन्हा एकदा तसाच अध्यक्ष निवडला गेला, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं आणि आठवडाभरात आय. किंग जॉर्डन हे पहिले बहिरे अध्यक्ष झाले. मला अध्यक्ष व्हायचं नाही. मला फक्त चाळीस प्रश्न बाहेर जाण्याआधी एकदा उघडून बघायचे होते. पाच मिनिटांचं काम होतं.

माझीही चूक यात आहे. हायसं वाटलं त्या पहिल्या वर्षी मी ‘यंदा नको, पुढच्या वर्षी द्या’ असं लिहून द्यायला हवं होतं. दर वर्षी निरंकखाली सही मीच केली. सहीची जागा बोटाला दाखवून देणारी पट्टी माझ्या पर्समध्ये असते, तिच्या खाचेत मी मुकाट्याने नाव लिहीत आले. या वर्षी मी तसं केलं नाही. परीक्षाकार्यासमोर ‘मागितले, दिले नाही’ असं टाइप केलं, समित्यांसमोर ‘विचारले गेले नाही’, आणि उपक्रमांच्या रकान्यात टाचण्यांची फळी आणि दोरा. फॉर्म कार्यालयातून परत आला आहे. त्या रकान्यात संख्या लिहावी, शब्द नकोत, असा शेरा आहे. मी तो पुन्हा तसाच पाठवला आहे.

प्रश्नावलीही पुन्हा पाठवा. फोटो नको, साधा टाइप केलेला मजकूर पाठवा आणि विभागाचा रकाना काढून टाका. या वेळी ती मी एकटीने भरीन, हेडफोन लावून, दार लोटून. उत्तरं सगळी ‘चार’ नसतील.

कळावे,
संख्याशास्त्र विभागातील एक अध्यापिका